कुसुमचा मुखवटा

शांते, आम्ही पवनी सोडली तेव्हा तू मोटारस्टँडपर्यंत आली होतीस. मामाजी मात्र ओसरीवरून उठलेच नाहीत. महालक्ष्मीच्या मुखवट्याचे डोळे रंगवत बसले होते. मान वर न करता आपल्या लेकाला एवढंच म्हणाले, "लोखंडाच्या गावाले चाललास. हात खराब होतीन." माझ्या कडेवर आमची लहानगी कुसुम झोपली होती.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. कँप-1 मध्ये आम्हाला पत्र्याची खोली मिळाली. ह्यांना फाउंड्रीत वाळूचे साचे पाडायचं काम लागलं. एका रशियन इंजिनियरची बायको शिल्पकार होती. संध्याकाळी ती हौशी कामगारांना माणसाचा चेहरा घडवायला शिकवायची. "पहले हड्डी," मोडक्या हिंदीत सांगायची, "चमड़ी बाद में." मामाजींच्या हाताखाली मात्र सगळं डोळ्यांपासून सुरू व्हायचं. घरी येऊन हे तिची नक्कल करायचे आणि कुसुम खिदळायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात कुसुमला टायफॉइड झाला आणि ती गेली. वस्तीमागच्या नाल्याकाठी तिला पुरलं.

फोटो एकही नव्हता. हळूहळू मला तिचा चेहरा आठवेना. नाक आठवलं की हनुवटी निसटायची. मी ह्यांच्या अंगावर धावून गेले, "देवीचे एवढे मुखवटे केले, माह्या पोरीचा एक नाही होत तुमच्यानं?"

हे करायचे आणि मोडायचे. ड्यूटी चुकू लागली. शेवटी ती रशियन बाई आमच्या खोलीत आली. ह्यांचा हात धरून तिनं माझ्या गालाच्या हाडावर ठेवला. "बेबी यहाँ है," म्हणाली आणि स्वतःच रडू लागली.

माझा चेहरा चाचपून ह्यांनी खालची हाडं उभी केली. डोळे मात्र मामाजींसारखे काढले, लांब आणि सताड उघडे. एवढे मोठे डोळे कुठल्याच लेकराचे नसतात. तरी ती कुसुमच होती. मी ते तोंड पदरात घेऊन हंबरडा फोडला.

महालक्ष्म्यांच्या सणाला आम्ही तो मुखवटा घेऊन पवनीला गेलो. मामाजींनी त्याच्या गालावरून अंगठा फिरवला.

"कुसुमच आहे," म्हणाले. मग त्यांनी तो खाली ठेवला. "सूनबाई, देवीपाशी मेल्या लेकराचं तोंड नाही ठेवत. तुमी या, इथंच राहा. हे वैनगंगेच्या पाण्यात शिरवून द्या."

"मी नाही शिरवत, मामाजी."

"मंग आणलं कावून?"

मी मुखवटा पदरात गुंडाळला. आम्ही त्याच दिवशी परत फिरलो.

आता आम्हाला पक्कं क्वार्टर आहे. मागाहून झालेली मुलं आपसात हिंदी बोलतात. ह्यांच्या मूर्ती बघून लोक म्हणतात, घडण विलायती, डोळे आपले. हे मान खाली घालतात.

परत कधी येता, असं तू विचारतेस. शांते, तो नाला बुजवला. तिथं घरांच्या रांगा झाल्या. मी त्या गल्ल्यांतून फिरते, लोकांची अंगणं बघते, पण जागा सापडत नाही. कुसुम कोणाच्या अंगणाखाली आहे हेही मला ठाऊक नाही. मग हे गाव मी सोडू तरी कसं?