शिकलेल्या लेकीची ग्वाही

ओल्या हळदीचा वास आला की मला कवठे महांकाळजवळचं आमचं अंगण दिसतं. सुट्टीला साताऱ्याहून घरी गेले, तर दारात मांडव, आणि पाटावर माझा थोरला भाऊ, तिशी ओलांडलेला पण समज लहान पोराची, अंगभर पिवळा होऊन खुशीत हसत होता. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. "तुमच्या माघारी दादाला मी सांभाळीन," असं मी दिवाळीतच आई-वडिलांना सांगितलं होतं, आणि दोघांनी मान डोलावली होती. "मला कळवलं का नाही?" मी आईला विचारलं. "तू मोडता घातला असतास. बायकू आली म्हंजी त्याला जल्माचं मानूस मिळंल." "आणि मी?" "तू लोकाच्या घरात जानार. तुझा नवरा करंल व्हय त्याचं?" तेवढ्यात उष्टी हळद न्यायला, शेजारच्या घरात उतरलेली नवरीची आई आली आणि माझा हात धरून म्हणाली, "जावई लय अबोल हाईत. पर तुमच्यावानी शिकल्याल्या भनीनं ग्वाही दिली म्हटल्यावर आमी हो म्हटलं." मी कसलीच ग्वाही दिली नव्हती. ज्या शिक्षणाचा मला ताठा, तेच पुढे करून आई-वडिलांनी एका पोरीला फसवलं होतं. "काकू, लेकीला घरी न्या," मी म्हणाले, "याला हातानं जेवताही येत नाही." लग्न मोडलं, दुपारी मांडव उतरवला. वडील पुन्हा माझ्याशी कधी बोलले नाहीत. आता दादा माझ्याकडेच असतो. परवा आई आली, तेव्हा माझा नवरा त्याची दाढी करत होता. ती बराच वेळ बघत बसली, पण तेव्हा माझ्यावर भरवसा ठेवला नाही ही चूक झाली, असं तिनं अजून म्हटलेलं नाही.