बावीस फटक्यांतले सात

"सगळं कळतं ना तुला? मग मार बघू," असं म्हणून साहेबांनी सात नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची गोल्फची काठी, माझ्या हातात दिलं.

शनिवारची दुपार होती. लोअर परळमधलं गोल्फच्या सामानाचं दुकान, आणि दुकानाच्या आतली चेंडू मारून बघायची खोली. तीन बाजूंना जाळी, समोर पडदा, खाली हिरवी मॅट. मॅटच्या कडेला माझे बूट. नियम असा होता की गिऱ्हाईक बूट घालून मॅटवर जातं, स्टाफने बूट काढून जायचं. चार वर्षांत मी या नियमाचं कारण विचारलं नव्हतं.

दुसरा नियम असा होता की स्टाफने गिऱ्हाइकाच्या मॅटवर चेंडू मारायचा नाही. मी मॅनेजरकडे पाहिलं. केयूर सर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत. ते म्हणाले, "मार ना, सर सांगतायत तर."

मी मारला. चेंडू आयर्नच्या टाचेला, म्हणजे दांड्याजवळच्या कडेला लागला, आडवा गेला आणि उजवीकडच्या जाळीत आपटला. मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. सोफ्यावर आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती हसली. साहेबांसोबत त्यांचा मुलगा होता, वय पंचवीसच्या आसपास. तो हसला नाही. मोबाइलमध्ये बघत राहिला.

"राहतोस कुठे?" साहेबांनी विचारलं.

"लालबाग."

"तरीच. हा ढोल बडवायचा हात आहे. आणि हा मला आयर्न कुठलं घ्यायचं ते सांगतो."

साहेब दादरचे. तीन पिढ्या सॉलिसिटर. मराठी अत्यंत शुद्ध. आवाज अजिबात चढलेला नव्हता. ते मला म्हणाले, "सॉरी म्हण." मी म्हणालो. ते म्हणाले, "ऐकू आलं नाही." मी पुन्हा म्हणालो.

मला तेव्हा राग आला नाही. मॅटचं प्लॅस्टिकचं गवत पायमोज्यातून टोचत होतं, एवढंच जाणवत होतं.

हे का झालं ते सांगायला सहा आठवडे मागे जावं लागेल.

साहेब पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्याजवळ जुना, झिजलेला सेट होता. त्यांचा हँडिकॅप चोवीस. हँडिकॅप म्हणजे मैदानाने ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा माणूस साधारण किती जास्त फटके घेतो तो आकडा. आकडा मोठा तेवढा खेळ कच्चा. चोवीस वाईट नाही. हौसेने खेळणारे बहुतेक लोक त्याच्याच आगेमागे असतात.

अशा माणसाला आयर्न निवडून द्यायची पद्धत सोपी आहे. आयर्नच्या तोंडावर पातळ स्टिकर लावायचा. चेंडू जिथे लागतो तिथे डाग उमटतो. वीस-बावीस चेंडू मारून घ्यायचे आणि डाग बघायचे. सगळे मधोमध एका रुपयाच्या नाण्यात मावले, तर त्या माणसाने ब्लेड घ्यावं. ब्लेड म्हणजे पातळ, सलग लोखंडाचं आयर्न. दिसायला देखणं. मध्यावर लागलं तर त्याच्यासारखं सुख नाही, मध्य चुकला तर चेंडू मरतो आणि हात झिणझिणतात. डाग इकडेतिकडे पसरले असतील, तर पाठ पोकळ केलेलं, वजन कडांना नेलेलं, तळाशी रुंद असं आयर्न द्यायचं. ते चूक सांभाळून घेतं. चेंडू टाचेला किंवा टोकाला लागला तरी बराचसा सरळ जातो, थोडाच कमी जातो. तीन आणि चार नंबरची आयर्न तर अशा माणसाने घेऊच नयेत. त्यांच्या जागी हायब्रिड, म्हणजे जाड डोक्याची काठी घ्यावी, तिने चेंडू उचलायला सोपा.

हे मला कुणी शिकवलं नाही. आधी मी गिरगावात एका खेळाच्या सामानाच्या दुकानात होतो. रॅकेटची जाळी विणायची, बॅटची मूठ बांधायची. इथे आल्यावर मुठीची ग्रिप बदलता बदलता हजारो आयर्न हातातून गेली. प्रत्येकाच्या तोंडावर मालकाच्या चुकीचा घासा असतो. तो वाचायला शिकलो. गोल्फच्या मैदानावर मात्र मी आजवर पाय ठेवलेला नाही.

साहेबांनी दुकानातल्या ब्लेडने बावीस चेंडू मारले. डाग सगळ्या तोंडभर. मी रुंद तळाचं आयर्न त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "सर, तुम्हाला हे बसेल."

त्यांनी ते उलटंपालटं केलं. "हे आयर्न आहे की फावडं?"

क्लबात त्यांच्यासोबत खेळणाऱ्या एका मित्राच्या बॅगेत ब्लेड होती. त्यांना तीच हवी होती. मी पुन्हा डाग दाखवायला गेलो. तेवढ्यात मॅनेजरच्या केबिनच्या काचेवर पेनाची टकटक झाली. दोनदा.

ही सफाईची खूण होती. मारलेल्या प्रत्येक चेंडूची नोंद मशीन ठेवतं. किती लांब गेला, किती वाकडा गेला. सगळ्यांची सरासरी पडद्यावर येते. केयूर सरांनी काचेवर दोनदा पेन वाजवलं की मी वाईट फटके पुसायचे. गिऱ्हाईक पाणी पीत असतं, घाम पुसत असतं, तेवढ्या वेळात. मग पडद्यावर जी सरासरी येते ती बघून माणूस ताठ होतो. आपण इतके चांगले आहोत हे त्याला माहीत नसतं. त्याला जे घ्यायचं असतं ते तो घेतो.

दुकानात याला कुणी खोटं म्हणत नव्हतं. मीही म्हणत नव्हतो. गिऱ्हाईक खूश, मॅनेजर खूश, आणि माझं बोट फक्त एका बटणावर.

साहेबांच्या बावीस फटक्यांतले मी सात ठेवले. बाकीचे पंधरा पुसले. डागांचा स्टिकर काढून कचऱ्यात टाकला. साहेब पडद्याकडे बघत म्हणाले, "बघ. ब्लेडच मला बसतं." मी मान हलवली. मग कागद छापून आला. सल्लागार या रकान्यात केयूर सरांचं नाव, छापील. तंत्रज्ञ या रकान्यात माझी सही, शाईची.

सहा आठवड्यांनी साहेब परत आले ते क्लबातली स्पर्धा हरून. चार माणसांसमोर चेंडू फुटाफुटावर मेले होते. हात दुखावला होता. केयूर सरांनी त्यांना बसवलं, कॉफी मागवली, फाइल उघडली आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. म्हणाले, "टेक्निकल साइडची चूक आहे, सर."

मला बोलावलं तेव्हा मी एकच वाक्य म्हणालो. "सर, मी तुम्हाला दुसरं आयर्न सुचवलं होतं."

साहेबांनी कागद माझ्यासमोर धरला. "मग हे आकडे कुणी काढले?"

उत्तर शेजारीच पेन धरून उभं होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मग साहेबांनी आयर्न माझ्या हातात दिलं. पुढचं वर सांगितलं आहे.

एक राहिलं. त्याच दुपारी केयूर सरांनी साहेबांना नवा सेट बदलून दिला. रुंद तळाचा, पाठ पोकळ असलेला. मी सुचवला होता तोच. "माझा पर्सनल सल्ला आहे, सर," असं ते म्हणाले. साहेबांनी त्यांच्याशी हात मिळवला. मी बूट घातले आणि जाळीतला चेंडू काढून टोपलीत टाकला.

संध्याकाळी करी रोडच्या पुलावरून चालत घरी आलो. आई आणि बायको खोलीत होत्या. बायको परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. शनिवारी ती लवकर येते. मी सगळं सांगितलं, ढोलासकट. सांगताना माझाच आवाज मला बातम्या वाचल्यासारखा वाटत होता.

आई कोलंबी सोलत होती. तिने मान वर केली नाही. "तुका म्हायत होता, तर बोललस कित्याक नाय?"

मी म्हणालो, बोललो होतो, एकदा. मग पेन वाजल्याचं सांगितलं. पंधरा फटके पुसल्याचं सांगितलं. सफाईबद्दल मी घरी पहिल्यांदाच बोलत होतो.

बायकोने विचारलं, "असं किती वेळा केलंस?"

"रोज. चार वर्षं."

मला वाटलं, साहेबांना शिव्या देईल. ती म्हणाली, "आमच्याकडे साखर जास्त आली तर पेशंटला वाईट वाटेल म्हणून मी आकडा पुसू? पेढे खा म्हणून सांगू त्याला?"

"ते वेगळं. हा खेळ आहे."

"खेळ त्यांचा. तुझं ते काम आहे ना? आणि सही तुझी."

आई म्हणाली, "जेवा आता." आम्ही जेवलो.

त्या रात्री मला झोप लागली, हेही सांगितलं पाहिजे. अपमान झालेल्या माणसाला झोप लागत नाही असं म्हणतात. मला लागली. सकाळी उठलो तेव्हा ढोलाचं वाक्य डोक्यात होतं, पण ते दुसऱ्या क्रमांकावर होतं. पहिल्या क्रमांकावर साहेबांचा प्रश्न होता. हे आकडे कुणी काढले. माझ्या वस्तीला, माझ्या हाताला ते जे बोलले ते हलकट होतं. तो प्रश्न मात्र बरोबर होता. हलकट माणसाने बरोबर प्रश्न विचारावा आणि मला मान खाली घालावी लागावी, ही सोय मीच रोज थोडी थोडी करून ठेवली होती.

मंगळवारी एक बाई आल्या. लहान मुलांच्या डॉक्टर, राहायला शिवाजी पार्कला, हँडिकॅप अठ्ठावीस. त्यांच्या कोचने त्यांना पातळ आयर्न घ्यायला सांगितलं होतं. त्यांनी चोवीस चेंडू मारले. दम लागला म्हणून खुर्चीत बसल्या.

काचेवर पेन वाजलं. दोनदा.

माझा हात माउसवर होता. मी तो काढून मांडीवर ठेवला. पेन पुन्हा वाजलं, या वेळी जोरात. बाईंनीही वळून पाहिलं. मी बटण दाबलं आणि चोवीसच्या चोवीस फटके पडद्यावर आणले. मूठभर दाणे फेकल्यासारखे ते ठिपके पसरले होते.

"हे सगळे माझे?"

"हो, मॅडम."

मी स्टिकर काढून त्यांच्या हातात दिला. डाग कुठे आहेत ते दाखवलं. पातळ आयर्नने काय होईल ते सांगितलं. रुंद तळाचं आयर्न समोर ठेवलं आणि म्हणालो, हे दिसायला जाड आहे, पण तुमच्या चुका हे सांभाळून घेईल. त्यांनी ते हातातही घेतलं नाही. "इतकं वाईट खेळते मी?" एवढं म्हणाल्या. मग विचार करून सांगते असं म्हणून निघून गेल्या. आभार मानले नाहीत. परत आल्या नाहीत.

केयूर सरांनी मला काचेआड बोलावलं. ओरडले नाहीत. शनिवारचं मनावर घेऊ नकोस म्हणाले. ते साहेब तसेच आहेत, मलाही वाईट वाटलं, असंही म्हणाले. मग म्हणाले, "कस्टमरला आरसा नाही दाखवायचा, बॉस. इतकं साधं आहे."

मी म्हणालो, "ज्या कागदावर माझी सही आहे त्यातलं मी काही पुसणार नाही."

"मग आत बस. ग्रिप लाव."

"लेखी द्या."

त्यांनी लेखी दिलं नाही. मी आत बसलो. आता दिवसभर मागच्या खोलीत ग्रिप बदलतो. खिडकी नाही. सॉल्व्हंटचा वास कपड्यांना चिकटतो. बाहेर मशीनवर नवीन पोरगी आहे. तिला दोन टकटकींचा अर्थ दुसऱ्याच दिवशी समजला. मी तिला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की नोकरी पक्की झाली की सही तुझी असेल, आत्तापासून बघून कर. ती म्हणाली, "दादा, मला नोकरी हवीय." चार वर्षं मीही हेच म्हणत होतो.

पण तंत्रज्ञाची सही अजून माझ्याच नावाने लागते. तिची नोकरी पक्की नाही. त्यामुळे छापलेले कागद सहीसाठी माझ्याकडे मागे पाठवतात. मी ते वाचतो. फटके पुसले तरी मारलेल्या चेंडूंची संख्या मशीनच्या नोंदीत राहते; किती मारले आणि किती दाखवले, एवढंच ताडून बघतो. फरक असेल तर सही न करता परत पाठवतो. आतापर्यंत अकरा परत गेले. मला काढायचं ठरलं आहे, असं ऐकतो. काढू देत. त्यासाठी कारण लिहावं लागेल, आणि या वेळी खाली सही त्यांना करावी लागेल. माझी मिळणार नाही.