खऱ्या वाक्यांची वही

"आधी सांगा, हे खरं हाय का?"

इंग्रजीचं कुठलंही वाक्य शिकवलं की काका पहिल्यांदा हे विचारायचे. माझं उत्तर ऐकून मग पेन उचलायचे किंवा खाली ठेवायचे.

माझ्याकडे शाळेतलं व्याकरणाचं जुनं पुस्तक होतं. त्यातलं पहिलंच वाक्य मी वाचलं, 'राम ईट्स अ मँगो.' आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. इंग्रजी वाक्याचा सगळ्यात सोपा साचा. काकांनी पेन खाली ठेवलं.

"कोन राम?"

"कुणीही. उदाहरण आहे."

"आन आंबा? या साली झाडाला पानं न्हाईत. त्यानं आंबा कुटून आनला?"

मी पुस्तक मिटलं. ते पुन्हा उघडलं नाही.

काका सहकारी साखर कारखान्याच्या कॉलनीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. माझे वडील ऑफिसात, काका पॅनमन. साखर तुम्ही रोज पाहता, पण पॅनमन बहुधा पाहिला नसेल. उसाच्या रसाचा पाक एका प्रचंड बंद कढईत, म्हणजे पॅनमध्ये, उकळत असतो, आणि त्यात दाणा नेमका कधी धरला हे ओळखणारा माणूस म्हणजे पॅनमन. तो नमुना काढतो, काचेवर पसरतो, दोन बोटांत चोळतो. यंत्रं कितीही आली तरी शेवटचा शब्द त्या बोटांचा.

पण दोन वर्षं पाऊस नव्हता, म्हणून ऊस नव्हता, म्हणून बॉयलर पेटला नव्हता. काका बंद कारखान्याच्या गेटवर वॉचमन होऊन बसत. "बोटं इसरायला लागली, पोरी," असं एकदा सहज म्हणाले. मला ते सहज वाटलं नाही. त्यांच्या ओळखीचा एक फिटर युगांडातल्या साखर कारखान्यात गेला होता. तिथे पॅनमन हवा होता. मुलाखत फोनवर, समोरासमोर दिसेल अशी, आणि इंग्रजीत. हातात एक महिना होता.

मी बीडला इंग्रजी शाळेत शिकले आणि कॉलेज संपवून घरी आले होते. कॉलनीत माझी ओळख 'बोलत नाही ती' अशी. बायकांच्या मते मी गर्विष्ठ होते, आणि ते खोडून काढायलाही मी कधी तोंड उघडलं नाही. काका मात्र थेट वही घेऊन आमच्या व्हरांड्यात येऊन बसले. त्या दिवसापासून 'पोरी'चं 'म्याडम' झालं आणि 'तू'चं 'तुमी'.

"काका, असं नका ना म्हणू."

"शिकिवनाराला तू म्हनत न्हाईत."

पॅनवर एक नोंदवही असते. पाक कधी घेतला, दाणा कधी धरला, कढई कधी रिकामी केली, सगळं वेळेसकट लिहायचं. जे झालं तेवढंच. काकांनी अर्धं आयुष्य ती वही लिहिली होती, आणि इंग्रजीची वहीसुद्धा ते तशीच लिहू लागले. "खोटी नोंद केली की फुडची पाळी फसती, म्याडम." देवनागरीत, ठसठशीत अक्षरात, डाव्या बाजूला वेळ:

९.१०. माय वाइफ मेक्स टी.

९.३०. द बॉयलर इज कोल्ड.

९.४५. आय ॲम फ्रॉम उमापूर.

"याला वेळ कशाला?" मी विचारलं. "तुम्ही तर कायमचेच उमापूरचे."

"आठवलं पावनेधाला," काका म्हणाले.

चहाची नोंद वहीत आहे हे काकूंना कळलं, तेव्हा त्यांनी ती मोठ्याने वाचायला लावली. अर्थ ऐकला. "इतक्या वर्षांत कदी चहा बरा झाला म्हनले न्हाईत. आता विंग्रजीत लिवतेत."

"बरा झाला असं कुटं लिवलं? केला, एवढंच हाय."

काकूंनी समोरचा कप उचलून नेला. त्यात अजून निम्मा चहा होता.

मुलाखत सकाळी अकराला, काकांच्या पुढच्या खोलीत झाली. मी फोनच्या मागे बसले होते, अडलं तर सांगायला. काकू दाराशी सूप घेऊन तुरीतले खडे निवडत होत्या. पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं, दाणा तयार झालेला कसा ओळखता? हे आम्ही शिकलोच नव्हतो.

काका म्हणाले, "आय सी. आय टच. आय वेट."

साहेब मनापासून हसले. हा माणूस त्यांना कळला होता. मग काकांनीच विचारलं, "सर, वॉटर इज देअर?" साहेबांनी तळ्याचं सांगितलं. काका दाराकडे वळून म्हणाले, "तळं हाय म्हने. लई मोठं."

मग साहेबांनी हळू आवाजात शेवटचं विचारलं. दोन वर्षं घरच्यांना आणता येणार नाही, चालेल का?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनले?"

वाक्य सोपं होतं. असली वाक्यं काका महिनाभर सहज सोडवत होते. त्यांना समजलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते मराठीत बोललं जायला हवं होतं, दाराशी ऐकू जाईल असं, आणि ते त्यांच्याच्यानं होत नव्हतं. लोकांच्या घरात मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"दोन वर्षं काकूंना नेता येणार नाही, चालेल का विचारतायत."

काकूंनी मान वर केली नाही. "मंग हो म्हना की. त्या मानसाला कशाला ताटकळत ठिवलंय?"

"येस, सर," काका म्हणाले.

काकू नंतर बराच वेळ तुरीची एकच मूठ निवडत होत्या.

जायच्या दिवशी काकांना गेवराईपर्यंत सोडायला जीप आली, आणि तिच्या मागोमाग पाण्याचा टँकर. तो चार दिवसांतून एकदा यायचा आणि कुणासाठी थांबायचा नाही. काका नव्या पँटीत रांगेत उभे राहिले.

"जावा तुमी, मी भरते," काकू म्हणाल्या.

"भरू दे."

"काय पॅनमन, हितलं पानी संगं नेता का?" रांगेतून कुणीतरी विचारलं. जीपवाल्याने दोनदा हॉर्न दिला. काकांनी पाइप सोडला नाही. घरचा ड्रम काठोकाठ भरला, झाकण लावलं, वरून दोन्ही हातांनी दाबलं. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. तसेच ते जीपमध्ये जाऊन बसले.

चार दिवसांनी टँकर परत आला. सगळी कॉलनी घागरी घेऊन धावली. रांगेत काकू दिसल्या नाहीत, म्हणून मी त्यांच्या दाराशी गेले आणि टँकर आल्याचं सांगितलं.

काकू काकांनी भरलेल्या ड्रमशेजारीच बसल्या होत्या.

"जा तू," काकू म्हणाल्या. "मला हाय अजून."