मामाजींनी फादरला बोलावलं

"फादरले बोलाव," मामाजी म्हणाले, आणि मला वाटलं, ताप डोक्यात गेला. हातात ताकातल्या कण्यांची वाटी होती, ती तशीच धरून मी उभी राहिले. दोन दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. मेडशीतलं आमचं घर प्रोटेस्टंट, आणि मामाजींनी उमेदीची सगळी वर्षं सायकलवर गावोगाव फिरून सुवार्ता सांगण्यात घातलेली. त्यांचा विषय एकच. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने. पुण्य गोळा करून नाही, उपास करून नाही, आणि फादरच्या कानात पापं सांगून तर नाहीच नाही. शेतात सोयाबीन सोंगायला, कापायला आलेल्या बाया सावलीत जेवायला बसल्या तरी हे त्यांना सांगणार, "पापातून तारन फुकट हाय, बाई." बाया म्हणायच्या, "फुकट हाय त द्या मंग, बाबा." आणि असा माणूस म्हणे फादरला बोलाव!

मी मंगरूळपीरची, कॅथलिक घरातली. आई सिस्टरांच्या दवाखान्यात आया होती. ज्या सडलेल्या पायांकडे घरचे लोक बघायचे नाहीत, ते ती मांडीवर घेऊन धुवायची. दारात कोणीही येवो, तिचा पहिला सवाल ठरलेला, "जेवले का?" दुखतं कुठे, हे मग. लग्न होऊन मी मेडशीला आले, तेव्हा माझी जपमाळ ट्रंकेच्या तळाशी गेली. घरात रोज कटकट कोण करत बसणार?

आई गेली, तेव्हा मामाजी मातीला आले होते. माती लोटून झाली, लोक अजून हलले नव्हते, आणि कोणी विचारलं नसताना ते बोलले, "बाई कष्टाळू होती. पन तिचा भरोसा आपल्या कामावर होता, प्रभूवर नव्हता. कुठं गेली, ते मी सांगू शकत नाही." माझ्या हाताला अजून आईची माती लागलेली होती. त्या दिवसापासून मी त्यांचं सगळं केलं, चहा, औषध, आंघोळीचं पाणी, कशात कमी केलं नाही. पण आपणहून एक शब्द बोलले नाही. माझा राग असाच आहे, धरला की सुटत नाही. शेजारच्या वांग्या-मेथीच्या मळ्यातल्या काकूंना हे कळलं, तर त्या म्हणाल्या, "तुमच्यातबी असं असते का वं? आमाले वाटे, तुमचा देव एकच, त भांडन कायचं?" त्यांना काय सांगणार, कप्पाळ!

तर आता हे. मी म्हटलं, "मामाजी, सकाळीच तर आपल्या चर्चचे पाळक प्रार्थना करून गेले."

"तो माझाच चेला. मले माझंच भाषन आयकवून गेला."

आमचे हे दारातूनच कुजबुजले, "मंडळीतले लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, "फोन तुमी लावता का मी लावू?" मग त्यांनी लावला.

फादर दुपारी मोटरसायकलवर आले. दक्षिणेकडचे, मराठी अगदी पुस्तकातली. खाटेजवळ खुर्ची ओढून त्यांनी मला बाहेर जायची खूण केली, कारण पापनिवेदन दुसऱ्याने ऐकायचं नसतं. मी निघालेच होते.

"तिले बसू द्या," मामाजी म्हणाले. "तिचंच हाय."

मी बसले.

"हिच्या मायच्या मातीवर उभा राहून मी तिचा न्याय केला, फादर. तो माझ्या हातचा नव्हता. जनमभर लोकायले म्हनलं, फुकट हाय, फुकट हाय. अन् त्या बाईले द्यायची पाळी आली त हात आखडला."

या माणसाला हे बोलणं आठवत असेल, असंसुद्धा मला कधी वाटलं नव्हतं.

फादर म्हणाले, "बाबा, तुम्ही क्षमा मागितली, क्षमा आहे. ख्रिस्ताने ते केलेले आहे. तुम्हाला आता काही करायचे नाही."

"असं कसं? तुमच्यात त प्रायश्चित्त देतात. मलेबी द्या काही करायले."

"तुम्हाला उठतासुद्धा येत नाही, बाबा. आणि कृपा आमच्याकडेही कमावता येत नाही. ती आधी मिळते. चांगले काम तिच्या मागून येते."

मी एकदा फादरांकडे बघते, एकदा मामाजींकडे. कॅथलिक लोक पुण्य करून स्वर्ग कमावू बघतात, हे मी या घरात जेवताना, भांडी घासताना ऐकत आले. आज फादर मामाजींचाच उपदेश करत होते, आणि मामाजी हात जोडून काम मागत होते. मला तर घेरीच यायची बाकी होती.

"हेच सांगत आलो मी," मामाजी म्हणाले. "पन आज मलेच पुरून नाही राह्यलं." मग मान माझ्याकडे वळवली. "पोरी, तुझी माय तिथंच असंन. मले आता शंका नाही. मी कोन्त्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं? तिनं इचारलं त काय सांगू?"

या माणसाला ऐकवायला मी किती काय काय साठवून ठेवलं होतं! भाकरी थापताना घोकलेलं, तोंडपाठ. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मला रडू फुटलं, आणि रडतच मी म्हटलं, "माय तुमाले तसलं काही इचारनार नाही, मामाजी. जेवले का, एवढंच इचारनार."

मामाजी कोपर टेकून उठायला धडपडले.

"मंग आन त्या कण्या," ते म्हणाले. "तिच्यासंग खोटं बोलता येनार नाही."

फादरांनी पाठीला हात देऊन त्यांना बसवलं, आणि मी भरवायला घेतलं.