रुजवातीची सही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका भाषांतरात एक ओळ गळली आहे हे मला दिसलं होतं, आणि दिसूनही मी खाली सही केली. पुढं त्याच गळलेल्या ओळीचा दाखला देऊन मी भर सभेत सांगितलं की एआयवर सरकारचं नियंत्रण हवं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या आवडल्या.

आधी काम काय ते सांगतो. आमच्याकडे निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत आहेत. कारकुनानं घाईत, नुकते म्हणजे अक्षरांचे ठिपके न देता, एका शब्दातून दुसऱ्यात शेपूट ओढत लिहिलेली उर्दू. आज ज्याला ती भाषा बोलता येते त्यालाही ते अक्षर लागत नाही. वाटणीचा, वारसाचा, विहिरीचा वाद निघाला की तो कागद कुणीतरी वाचून मराठीत आणावा लागतो. शहरात हे काम करणारी माणसं मोजकी, त्यातला मी एक. माझे वडील कचेरीत शिपाई होते. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं खांद्यावरून या खोलीतून त्या खोलीत न्यायचे. आतलं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. मला ते यावं म्हणून त्यांनीच मला जुन्या शहरातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे नेऊन बसवलं.

तिथं माझ्याबरोबर आणखी एकजण यायचा. दौलताबादकडचा, घरची शेती, बोलणं मोकळं. तो माझा मित्र. मित्र हा शब्द मी जपून वापरतोय, कारण सगळं जे घडलं ते त्याच्याशी.

उस्ताद आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच सांगायचे. "हाशिया पहले, मतन बाद में." हाशिया म्हणजे कडेचा समास, मतन म्हणजे मधला मजकूर. मूळ मजकूर एकदा लिहून झाला की नंतरचे बदल, कुणाचा हिस्सा वाढला, कुणाचा कमी झाला, ते कारकून समासात तिरपं लिहायचा. "बाद का हुकम किनारे पे रैता मियाँ. पेट पढ़ के उठ गए तो आधा झूट ले के उठे." ते आमच्या हाडात मुरलं होतं. दुसरी शिस्त अशी की जे वाचता येत नाही तिथं सरळ 'अवाच्य' लिहायचं, अंदाजानं भरायचं नाही. आणि तिसरी, रुजवातीची. एकानं भाषांतर केलं की दुसऱ्यानं मूळ कागदाशी ओळन् ओळ ताडून बघायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात लपेटीची छोटी सही करायची. नाव लिहायचं नाही. नाव भाषांतर करणाऱ्याचं, सही रुजवात घेणाऱ्याची. वीसेक वर्षं त्याच्या कागदांवर माझी सही आणि माझ्या कागदांवर त्याची, असंच चाललं.

एकदा उस्तादांनी आम्हा दोघांना एकच पान दिलं. तो पान हातात घेऊन सरळ वाचत सुटला, वर्तमानपत्र वाचावं तसं. मी शब्द फोडत, वहीत मांडत बसलो. उस्ताद त्याला म्हणाले, "तुम पढ़ते हो." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, "और तुम मेहनत करते हो."

आता पन्नाशी उलटली, उस्ताद जाऊनही बरीच वर्षं झाली, तरी ते वाक्य मी विसरलेलो नाही. मेहनतीत वाईट काय, असं मीच मला समजावत आलो. पण क्रांती चौकातल्या आमच्या ठरलेल्या टपरीवर तो चहा घेत एखादा कागद सहज वाचून दाखवायचा आणि शेजारचे लोक मान वळवून ऐकायचे, तेव्हा मी माझा चहा अर्धाच टाकून उठत असे. माझं एकच समाधान होतं. तो वेगानं वाचतो, पण चुका माझ्या कमी. त्याच्या कागदांत दर वेळी एखादी बारीक चूक मी रुजवातीत काढायचो आणि तो हसून म्हणायचा, "घ्या, तुझं कमिशन." ती चूक काढण्यासाठी मी जगत होतो म्हटलं तरी चालेल.

मग एआय आलं. टपरीवर बसून मित्रानं मोबाईलवर कागदाचा फोटो काढला, काहीतरी दाबलं, आणि समोर मराठी उमटलं. मी पंधरा वर्षांत जे अक्षर कमावलं ते चहा निवायच्या आत.

"लई झ्याक वाचतं रे," तो म्हणाला. "कुठं कुठं ठेच खातं, पण आपण हायेत की. तू ये घरी, तुला बसवून देतो."

"मला नको."

"असं कसं नको? डोळे किती वर्षं शिणवणार?"

"माझे डोळे बरे आहेत."

"व्हय, दिसतंय ना, चहात साखरेऐवजी राख पडली तुझ्या," तो म्हणाला आणि माझ्या बोटातली विझत आलेली सिगारेट काढून घेतली.

त्यानं काही लपवून ठेवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तो सगळं द्यायला बसला होता, आणि तेच मला सोसेना. त्याच्याकडे कागदांची रीघ लागली. माझ्याकडे येणारी माणसंही आधी त्याच्याकडे जाऊन येऊ लागली. तरी तो प्रत्येक भाषांतर रुजवातीला माझ्याकडेच पाठवायचा. वर चिठ्ठी असायची, 'यंत्रानं वाचलंय, नीट बघ.'

वैजापूरकडचा तो कागद असाच आला. एका विहिरीचा. भाषांतर इतकं गुळगुळीत होतं की वाचताना कुठं बोट अडलं नाही. मी सवयीनं मूळ कागदाचा समास आधी पाहिला. तिथं तिरपी ओळ होती, शाई फिकी, पण वाचता येण्यासारखी. धाकट्या भावाच्या वंशाला त्या विहिरीच्या पाण्यात चार आणे, म्हणजे पाव हिस्सा. भाषांतरात ती ओळ नव्हती. 'अवाच्य' असंही नव्हतं. यंत्रानं समास बघितलाच नव्हता आणि कागद जणू तिथंच संपतो असं पूर्णविराम देऊन टाकला होता. मित्रानंही तो न ताडता पुढं ढकलला होता, कारण ताडायला मी होतो.

मी पेन्सिल उचलली. नेहमीसारखी समासात खूण करायची एवढंच बाकी होतं. आणि मनात आलं, एकदा होऊ दे. एकदा तरी लोकांना कळू दे की वाचणं म्हणजे काय. मी पेन्सिल ठेवली, पेन घेतलं आणि कोपऱ्यात लपेटीची सही केली. मग कागद पाकिटात घालून त्याला परत पाठवला.

सहा-सात आठवड्यांनी एक बाई माझ्या दारात आल्या. साठीच्या, पायात स्लिपर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत त्याच कागदाची आणि त्याच्या मराठी भाषांतराची झेरॉक्स.

"भाऊ, तुम्ही जुनं वाचता म्हणं. ह्यात आमचं पाणी हाय का नाय, तेवढं बघा."

"कुणी नाही म्हटलं?"

"पुतण्यानं. मराठी कागद दाखवला, म्हणला काकू, तुमचं नाव कुठंच नाय. मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं. माझं कांद्याचं रोप वाफ्यातच जळालं."

मी तिरप्या ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. त्या माझ्या बोटाकडे बघत राहिल्या. मग पाया पडायला वाकल्या. मी मागं सरकलो, तरी त्यांचा हात माझ्या पावलाला लागलाच. मराठी कागदाच्या कोपऱ्यातली सही त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ती कुणाची हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

ही गोष्ट शहरात पसरली, आणि मीच ती पसरवली. त्याच सुमारास एआयला कायदा हवा की नको यावर एक सभा ठरली. त्यात बोलायला मला बोलावलं. माझ्याआधी सॉफ्टवेअरची छोटी कंपनी चालवणारा एक तरुण बोलला. "परवाने, तपासण्या आल्या की मोठ्या कंपन्या चार वकील ठेवतील, आणि आमच्यासारखे शटर ओढतील. आधी वापरू तर द्या." त्याच्यानंतर एक वकीलबाई उठल्या. "औषध आधी विकायचं आणि कोण आजारी पडलं ते नंतर बघायचं, हे तुम्हाला चालेल का? मग हे का चालावं?" तो तरुण म्हणाला, "मॅडम, सगळ्याच गोळ्या विषारी नसतात." लोक हसले.

मग मी. आयुष्यात एवढा स्वच्छ कधी बोललो नसेन. मी म्हणालो, माणूस अडला की 'अवाच्य' लिहितो, यंत्र ते लिहीत नाही. त्याला माहीत नाही हेही त्याला माहीत नाही. म्हणून जिथं कुणाचं पाणी, कुणाची जमीन कागदावर अवलंबून आहे तिथं सरकारनं यंत्राला मज्जाव करावा. त्या बाईंचं जळालेलं रोप मी सांगितलं. सभेत टाळ्या वाजल्या. मुद्दा खरा होता. आजही तो मला खराच वाटतो. त्यामुळे तर मला स्वतःची जास्त शिसारी येते. खोटं बोलून मी काही मिळवलं असतं तर निदान हिशेब सोपा होता.

मागच्या रांगेतून माझा मित्र उठला. तो आलाय हे मला माहीत नव्हतं.

"नियम पायजेच," तो म्हणाला. "पण बंदी नको. नियम असा करा की कागदावर लिहायचं, हे यंत्रानं वाचलंय. आन् खाली ज्यानं रुजवात घेतली त्याचं पूर्ण नाव. नुसती लपेटी नाय. माणूस सापडला पायजे."

वकीलबाईंनी लगेच विचारलं, "मग या कागदाची रुजवात कुणी घेतली होती?"

मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होतो. मान वर केली तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. रागानं नाही. कठीण ओळ लागत नसली की तो असा डोळे बारीक करून बघायचा.

"कागद माझा व्हता मॅडम," तो म्हणाला. "चूक माझी."

आणि खाली बसला.

त्यानंतर कचेरीनं त्याला कळवलं की याबाबत नियम होईपर्यंत त्याची भाषांतरं स्वीकारली जाणार नाहीत. नियम काय होतील, कधी होतील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भाषांतरकारांच्या यादीतून त्याचं नाव निघालं. माझं राहिलं. त्याच्याकडे जाणारे सगळे कागद माझ्या टेबलावर येऊन पडू लागले. जे मला हवं होतं ते सगळं मिळालं. आणि एवढे कागद मला एकट्याला झेपेनात, म्हणून दुपारी दार लावून मीही मोबाईलवर फोटो काढायला लागलो. तेच यंत्र. समास मी स्वतः बघतो, पण वरचं सगळं तेच वाचतं. कागदावर मी तसं लिहीत नाही. भाषणात मागितलेला मज्जाव पहिल्यांदा मीच मोडला.

तो आता गावीच असतो. आसपासचे लोक कागद घेऊन येतात, तो पारावर बसून वाचून दाखवतो, लिहून काही देत नाही. मागच्या महिन्यात कचेरीच्या कामासाठी शहरात आला होता. टपरीवर भेटला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. सीताफळं यंदा बारीक आलीत म्हणाला. मी विचारलं, सभेत माझं नाव का घेतलं नाहीस?

त्यानं बशीत चहा ओतला, तो फुंकून प्याला, मग म्हणाला, "वीस वर्षं तू माझी एक चूक सोडली नाय. समास तर तू आधी बघतो. म्हणजे तुला ते दिसलं व्हतं."

मी माझा कप बाकावर ठेवला.

"मला वाटलं, तू सांगशील," तो म्हणाला. "सांगायचं तर तूच सांगायला पायजे ना. मी सांगून काय उपयोग?"

बस आली म्हणून तो उठला. चहाचे पैसे मी द्यायला गेलो तर टपरीवाला म्हणाला, त्यांनी मघाशीच दिले.

घरी येऊन मी हे लिहायला घेतलं. यात त्याचं नाव नाही, त्या बाईंचं नाही, आणि माझंही नाही, म्हणजे हीसुद्धा एक लपेटीचीच सही आहे, हे मला कळतं.

मला कचेरीत एक पान द्यायचं आहे. त्यात लिहायचं आहे की समासातली ओळ मी वाचली होती, ती गळल्याचं मला दिसलं होतं, आणि तरी मी सही केली. मी स्वतः आता तेच यंत्र वापरतो, हेही. त्याखाली माझं पूर्ण नाव. त्याची एक प्रत वैजापूरच्या त्या बाईंना द्यायची आहे आणि एक त्याला. ते पान मी अजून दिलेलं नाही.