नारळासाठी थांबलेला फुगा

डबा विमानातून सुटला, पॅराशूट उघडलं, सिलेंडरमधून हेलियमही सुटला. फुगा मात्र अर्धाच फुगला आणि फाटला. लातूरकडच्या धावपट्टीवर आम्ही सगळे माना वर करून उभे होतो.

हवामान मोजणारा हा फुगा जमिनीवरून सोडत नाहीत. घडी घालून डब्यात भरतात, विमानातून टाकतात आणि पडता पडता हवेतच फुगवतात. घडी उलगडली तर तरंगतो, नाही तर मातीत. म्हणजे सगळी भिस्त पॅकिंगवर.

पॅकिंग शोभाताईंचं. उदगीरच्या, आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर. प्रोजेक्ट हेड तिथंच म्हणाले, "घडी चुकली. उद्यापासून या बाईंना बोलवू नका."

शोभाताई रडल्या नाहीत, चिडल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमच्यासमोरच घडी घातली न्हाई का? मग चुकली कशी म्हणत्यात हे?"

मी टेस्ट इंजिनिअर. "आधी डबा सापडू द्या," एवढंच बोललो.

डबा एका नांगरलेल्या रानात सापडला. आतल्या खालच्या घड्या सुट्या होत्या, वरच्या एकमेकींना चिकटलेल्या. हे पातळ प्लास्टिक तापलं की चिकटतं. पण वरचीच बाजू कशी तापली? झाकण पाहिलं. त्यावर कुंकू होतं.

बाप रे! हे तर पूजेचं कुंकू. नारळ फोडल्याशिवाय आमच्याकडे टेस्ट होत नाही. मे महिन्याच्या उन्हात, हार घालून, डबा मीच टेबलावर मांडला होता. नारळ हेडसाहेबांच्या हातून फोडायचा, आणि ते नांदेडहून दीड तास उशिरा आले. शोभाताई दोनदा म्हणाल्या होत्या, "सर, सावलीत घ्या." मी म्हणालो होतो, "मांडलेली पूजा हलवत नसतात, ताई."

रिपोर्टमध्ये 'उष्णता' एवढं लिहून सुटता आलं असतं. लाज वाटली. लिहिलं, 'डबा दीड तास उन्हात ठेवला. पॅकरने दोनदा सावध केले होते. निर्णय माझा.'

साहेब भडकले. "माझा उशीर कशाला काढता?"

"तुमचं नाव नाही त्यात, साहेब. माझंच आहे."

त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि सही केली.

पुढचा फुगा शोभाताईंनीच भरला. डबा खोलीतून थेट विमानात गेला. फुगा पूर्ण फुगला. मी चेकलिस्टमध्ये ओळ वाढवली: पॅकरच्या सहीशिवाय डबा चढणार नाही.

शोभाताईंनी ती वाचली, सही केली. म्हणाल्या, "लई चांगलं केलं, सर. पण तवा नुसतं ऐकलं असतं तरी भागलं असतं."