खिडकी उघडायला लागणारे सात सेकंद

ऑफिसात त्यांना सगळे मिलिसेकंदकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका. वय एकसष्ट. बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी लांब दिली होती. घरी बोलायला कुणी नाही आणि ऑफिसात बोलायची सवय नाही. जीव काय तो एका प्रोग्रामात.

हा प्रोग्राम रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये चाले. सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र पडद्यावर दाखवायचं आणि पेशी मोजायच्या, एवढंच त्याचं काम. काकांनी एकोणीस वर्षांपूर्वी तो नेटिव्ह कोडमध्ये लिहिला होता, म्हणजे थेट यंत्राच्याच भाषेत तयार होऊन बसलेला. क्लिक करायचा अवकाश, पापणी लवायच्या आत खिडकी उघडे. आता ऑफिसातल्या एका मुलीनं तेच काम मॅनेज्ड कोडमध्ये नव्यानं केलं होतं आणि लॅबमध्ये ते चाचणीसाठी दिलंही होतं. त्यात प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामध्ये एक कारभारी असतो. तो आधी जागा होणार, सूचना यंत्राच्या भाषेत करून देणार आणि मेमरीतला केर काढायला मध्येच क्षणभर काम थांबवणार. काकांनी मोजलं होतं. उघडायला सात सेकंद.

"सात सेकंद म्हणजे चेष्टा झाली," ते साहेबांना म्हणाले. एरवी साहेबांसमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

"मग काका, एक दिवस लॅबमध्ये बसून या. दोन्ही चालवून बघा. दोन्ही सांभाळायला आपल्याकडे माणसं नाहीत. तुम्ही सांगाल तो ठेवू."

जुना गेला तर काकांना ऑफिसात दुसरं काम उरणार नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

एकोणीस वर्षांत काका पहिल्यांदाच लॅबमध्ये गेले. तिथल्या बाईंनी आल्या आल्या नवा प्रोग्राम चालू केला आणि एप्रन घालून हात धुवायला गेल्या. काकांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. बाई परत आल्या तेव्हा खिडकी कधीच उघडून बसली होती.

दुपार झाली तरी बाईंनी ती बंद केली नाही.

"बंद नाही करत तुम्ही?" काकांनी शेवटी विचारलं.

"बंद कशाला? दिवसभर लागतंच की. संध्याकाळी जाताना करते."

"जुनाही असाच चालू ठेवायचात?"

"हो. का?"

काकांनी स्टॉपवॉच खिशात ठेवलं. ऑफिसात टेबलाशी बसून त्यांनी हजारो वेळा ती खिडकी उघडून बंद केली होती. इथे ती दिवसातून एकदा उघडत होती.

"आणि चित्र सरकवताना मध्येच अडकतं, ते?"

"अडकतं? असेल बाई. माझं लक्ष नाही गेलं." बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मला अक्षरांचं पडलंय. यात मोठी करता येतात. जुन्यासाठी दोनदा चिठ्ठी पाठवली होती, पण तुमच्याकडे कुणी ढिम्म हललं नाही."

त्या चिठ्ठ्या काकांच्या टेबलावर आल्या होत्या. मोठी अक्षरं काढायला तीन मिलिसेकंद जास्त लागत होते, म्हणून त्यांनी त्या बाजूला ठेवल्या होत्या.

"हे नवीन तुम्ही केलंत?"

"नाही. आमच्याकडे एक मुलगी आहे."

"तिला सांगा हं, डोळ्यांना आराम पडला म्हणून."

"सांगतो."

संध्याकाळी त्यांनी कागदावर दोन्हींचे आकडे नीट लिहिले. त्याखाली लिहिलं, 'नवा ठेवावा.' आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी ते त्या मुलीच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. आठ महिने ती चार हातांवर बसत होती, पण कामापलीकडे ते तिच्याशी चार शब्द बोलले नव्हते. त्यांनी निरोप सांगितला. ती खुर्चीतून अर्धी उठली.

"खरंच, काका? आणि तुमच्याबद्दल काय म्हणाल्या?"

"ते," काका म्हणाले, "विचारायचं राहिलं."

तिनं शेजारची खुर्ची पुढे ओढली. काका म्हणाले, "असू दे, असू दे," आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.